स्कायरिम: लेव्हल चढली, जादू मागे राहिली. लोहारकाम आणि मंत्र एकत्र कसे वाढवायचे?

शेवंती

नमस्कार मंडळी. जेवणं, भांडी आटोपून पोरं झोपली की मला रात्री तासभर मिळतो, कधी तेवढाही नाही. त्या तासात मी स्कायरिम हा व्हिडिओ गेम खेळते. स्पेशल एडिशन आहे, मॉड (चाहत्यांनी केलेले बदल) एकही नाही, डिफिकल्टी अ‍ॅडेप्टच, म्हणजे मधलीच, ठेवली आहे.

माझं पात्र ब्रेटन वंशाचं आहे, नाव मैनावती. खेळ सुरू करतानाच ठरवलं होतं की हिच्या अंगावरची प्रत्येक वस्तू हिने स्वतः केलेली असेल. अंगठी, गळ्यातलं, चिलखत, पोटात जाणारं औषध, सगळं. विकत घ्यायचा तो फक्त कच्चा माल आणि स्पेलची (मंत्रांची) पुस्तकं. लढायचं जादूने. तलवार हातात घ्यायची नाही.

आता अडचण सांगते. व्हिडिओत बघून मी लोखंडी खंजीर करत सुटले आणि स्मिथिंग (लोहारकाम) ६२ झालं. बाकीचे आकडे असे: एन्चांटिंग (वस्तू मंतरणं) ३४, अल्केमी (औषधं करणं) २९, आणि जादूच्या शाळा: डिस्ट्रक्शन (मारक जादू) ३१, कॉन्जुरेशन (बोलावण्याची) ३८, रिस्टोरेशन (बरं करण्याची) २७, ऑल्टरेशन (पालट करण्याची) २२, इल्युजन (भ्रमाची) २० (म्हणजे जन्माला आली तेव्हा होतं तेवढंच). लेव्हल १६. ब्रीझहोम या माझ्या खेळातल्या घरात खंजिरांनी पेटी भरली आहे. पण थडग्यात उतरलं की ड्रॉगर वाइट (ड्रॉगर म्हणजे थडग्यातले उठलेले मुडदे) दोन-तीन घावांत मैनावतीला खाली पाडतो आणि माझ्या आगीने त्याला फारसं काही होत नाही.

मला विचारायचंय ते हे. एक, आता काय थांबवू आणि काय वाढवू? दोन, ऑल्टरेशन, रिस्टोरेशन ही कौशल्यं भिंतीसमोर उभं राहून एकच बटण दाबत न बसता वाढतात का? मला तासभरच मिळतो, तो तसा घालवायची इच्छा नाही. मला जग फिरायचंय. तीन, चिलखत घालणाऱ्या जादूगारणीला शेवटी काही अर्थ आहे का, की झगाच घालावा?

गडगडाट

ताई, सोपं आहे. फोर्टिफाय रिस्टोरेशनचं औषध करा (फोर्टिफाय म्हणजे ते कौशल्य वाढवणारं), फोर्टिफाय अल्केमीच्या वस्तू काढून परत घाला, पुन्हा औषध करा. प्रत्येक फेरीत औषध आधीपेक्षा जोरदार होतं. मॉड नाही म्हणताय, म्हणजे खेळातल्या चुका दुरुस्त करणारा अनऑफिशियल पॅच नसणार, त्यामुळे चालेल. अर्ध्या तासात असं काही कराल की ड्रॉगर काय, ड्रॅगनसुद्धा एका फटक्यात पडेल. इल्युजनसाठी मफल (पावलांचा आवाज दाबणारा स्पेल) घ्या आणि टीव्ही बघत बटण दाबत राहा. बाकी विचार कशाला करायचा!

लेथवाला

शेवंतीताई, आधी तुमच्या आकड्यांबद्दल बोलतो, कारण दुखणं तिथंच आहे.

स्कायरिममध्ये कोणतंही कौशल्य एक पायरी चढलं की ते ज्या आकड्यावर पोचतं तेवढे गुण तुमच्या लेव्हलच्या खात्यात जमा होतात. स्मिथिंग ६१ वरून ६२ झालं की ६२ गुण. पुढच्या लेव्हलला लागणारे गुण म्हणजे चालू लेव्हलमध्ये ३ मिळवून २५ ने गुणायचं. तुमची स्मिथिंग १५ वरून ६२ ला गेली त्याचे एकूण १८३३ गुण होतात. तुम्ही दिलेले आकडे आणि वर स्पीच, लॉकपिकिंग, स्नीक असं किरकोळ धरलं, तर स्मिथिंग नसती तर तुम्ही आज साधारण लेव्हल १२ वर असता. चार लेव्हल एकट्या भट्टीने चढवल्या. आणि खेळ शत्रू निवडतो तो तुमची लेव्हल बघून. तुमच्या हातातली आग किती पेटते हे तो विचारात घेत नाही. ड्रॉगर वाइट लेव्हल १३ चा आहे. तो तुमच्या खंजिरांमागून आलाय.

यात बिघडलेलं काहीच नाही. ६२ हा फार चांगला आकडा आहे, कारण ६० ला 'आर्केन ब्लॅकस्मिथ' पर्क (लेव्हल चढली की निवडायची खास क्षमता) खुला होतो. स्टील स्मिथिंग घेतलेलं असलं की तो घेता येतो आणि मग एन्चांट केलेली वस्तूसुद्धा वर्कबेंचवर, सहाणेवर सुधारता येते. स्वतः केलेलं, स्वतः मंतरलेलं आणि परत स्वतः सुधारलेलं चिलखत. तुम्ही जे ठरवून बसला आहात त्यासाठी पर्कच्या अख्ख्या झाडात यापेक्षा नेमका पर्क नाही. तो आजच घ्या आणि नवे खंजीर बंद करा.

आता डिस्ट्रक्शन. पायाचा नोव्हिस पर्क घेतलेला असला की ३१ वर तुम्हाला तीन पर्क घेता येतात: अ‍ॅप्रेंटिस (२५ ला, त्या दर्जाच्या स्पेलचा खर्च निम्मा), ड्युअल कास्टिंग (२० ला) आणि ऑगमेंटेड फ्लेम्स (३० ला, आगीला २५ टक्के जोर). हे नसतील तर आग लागत नाही याचं नवल नाही, कारण डिस्ट्रक्शनचा आकडा वाढला म्हणून इजा वाढत नाही. आकड्याने फक्त खर्च उतरतो, जोर येतो तो पर्कमधून. आणि ४० ला 'इम्पॅक्ट' आहे. दोन्ही हातांनी एकच स्पेल मारला की समोरचा लडखडतो. ड्युअल कास्टिंगला मॅजिका (जादूची शक्ती) २.८ पट जाते आणि जोर २.२ पटच मिळतो, तरी इम्पॅक्टनंतर तो सौदा फायद्याचा आहे, कारण लडखडणारा वाइट कुऱ्हाड उचलू शकत नाही. ३१ ते ४० एवढंच अंतर तुम्हाला कापायचंय. तोपर्यंत ड्रॉगरवर बर्फाचे स्पेल टाकू नका, थंडी त्यांना निम्मीच लागते. फायरबोल्ट वापरा.

हे अंतर कापायला तुमच्या पेटीतले खंजीर उपयोगी पडतात, म्हणून सांगतो की ते कोरेच विकू नका. एन्चांटिंगमध्ये सोल जेम (आत्मा साठवायचा खडा) 'पेटी' (petty, सगळ्यात लहान) दर्जाचा असो की ग्रँड, वस्तू लोखंडाची असो की सोन्याची, वस्तू मंतरण्याचा अनुभव तेवढाच मिळतो. म्हणून सगळ्यात स्वस्त जेम आणि सगळ्यात स्वस्त वस्तू. तुमच्याकडे कोऱ्या वस्तू पेटीभर आहेत. व्हाइटरन शहराच्या ड्रॅगन्सरीच राजवाड्यातल्या जादूगार फॅरेंगारकडून सोल ट्रॅप (मरणाऱ्याचा आत्मा पकडणारा स्पेल) घ्या, लांडगे, खेकडे यांचे आत्मे पेटी जेममध्ये भरा, ड्रॅगन्सरीचमध्ये त्याच्याच खोलीतल्या टेबलावर खंजीर मंतरा आणि दुकानदार बेलेथॉरला विका. मंतरलेल्या खंजिराची किंमत कोऱ्याच्या कितीतरी पट येते. आणि तो पैसा जादूगारांच्या कॉलेजच्या पुलावर उभ्या असलेल्या फराल्डाला द्या. ती डिस्ट्रक्शन शिकवते, प्रत्येक लेव्हलमागे पाच वेळा. पाच पायऱ्या तिच्याकडून, उरलेल्या लढाईत. इम्पॅक्ट तुमच्या हातात येईल.

मी स्वतः दिवसभर लेथवर असतो, सांगलीकडे एका लहान वर्कशॉपमध्ये, आणि या खेळातलं मला सगळ्यात आवडतं ते हेच. शेतीला जोडधंदा असतो तसं इथं प्रत्येक कामाचं उरलंसुरलं दुसऱ्या कामाचा कच्चा माल असतो. सोल ट्रॅप टाकला की कॉन्जुरेशन वाढतं, आत्मा एन्चांटिंगला जातो, वस्तू विकली की स्पीच वाढतं, पैसा डिस्ट्रक्शनला जातो. एकेक कौशल्य वेगळं काढून त्याच्यामागे लागलं की रटाळ वाटतं आणि तोलही जातो. म्हणून माझा नियम एकच: शांततेतलं एखादं कौशल्य पाच पायऱ्या चढवलं की लढाईतलंही निदान दोन-तीन चढलं पाहिजे.

भिंतीसमोर उभं न राहता ऑल्टरेशन वाढवायचं तर ट्रान्सम्यूट. व्हाइटरनच्या उत्तरेला हॉल्टेड स्ट्रीम कॅम्प आहे, डाकूंचा तळ. आत खाण आहे, लोखंडाच्या शिरा आहेत आणि त्या स्पेलचं पुस्तकही तिथंच मिळतं. लोखंडाच्या कच्च्या धातूची चांदी होते, चांदीचं सोनं. स्पेलचा मूळ खर्च ८८ मॅजिका आहे, म्हणजे तुम्हाला आज दोन-तीनदाच टाकता येईल. मग उभं राहायचंच नाही. धातू खिशात ठेवा आणि वाटेने चालता चालता, मॅजिका भरेल तसा टाका. गावात पोचेपर्यंत सोनं तयार. दोन कच्च्या सोन्याची एक वीट, एका विटेच्या दोन अंगठ्या. २०१२ च्या १.५ पॅचनंतर स्मिथिंगचा अनुभव वस्तूच्या किमतीवर ठरतो, त्यामुळे सोन्याची अंगठी खंजिरापेक्षा जास्त शिकवते. स्मिथिंग त्याने थोडं वाढेल. वाढू दे, बरोबरीने ऑल्टरेशन वाढतंय. आणि मैनावतीच्या बोटातली अंगठी अशी असेल की तिचं सोनंसुद्धा तिनेच केलेलं.

रिस्टोरेशन: तुमची सोबतीण लिडियाला पुढे ठेवा आणि हीलिंग हँड्स (दुसऱ्याला बरं करणारा स्पेल) वापरा. जखम असेल तेव्हाच अनुभव मिळतो, आणि लिडियाला जखमांची कमतरता नसते. पुढे कॉलेजच्या कथेत लॅबिरिंथियनला जाल तेव्हा इक्विलिब्रियम नावाचा ऑल्टरेशनचा स्पेल मिळतो, तो रक्त खर्चून मॅजिका देतो. एका हातात तो, दुसऱ्या हातात हीलिंग. दोन्ही शाळा एकदम वाढतात. पण तो थकलेल्या लढाईत जीवही घेतो, तेव्हा जपून.

गडगडाटच्या सल्ल्याबद्दल. औषधांची ती फेरी चालते, हे खरं. आकडे इतके फुगतात की खेळच बंद पडतो, हेही खरं. माझा विरोध मात्र वेगळ्या कारणाने आहे. ताईंनी विचारलंय की हाताने केलेलं कसं वाढवू. त्या औषधानंतर भट्टी, फुलं, आत्मे, अंगठी, कशालाच किंमत उरत नाही. ज्या गोष्टीसाठी त्या रोजचा एक तास राखून ठेवतात, नेमकी तीच जाते.

रानजाई

लेथवाल्यांनी धातूचं सगळं सांगितलं, मी झाडपाल्याचं सांगते. ताईंची अल्केमी २९ वर आहे आणि त्यांच्या दाराबाहेरच खजिना उगवलाय, त्याकडे कुणाचं लक्ष नाही.

व्हाइटरनच्या वेशीबाहेर पडा. निळी रानफुलं, ब्लू माउंटन फ्लॉवर, वाटेच्या दोन्ही बाजूंना आहेत. त्यांच्यावर निळी फुलपाखरं. शेतांत गहू आहे आणि तो खुडला तरी चोरी धरत नाहीत. आता हे बघा:

निळं फूल आणि निळ्या फुलपाखराचं पंख: फोर्टिफाय कॉन्जुरेशन आणि डॅमेज मॅजिका रिजेन, दोन गुण एका बाटलीत. अल्केमीचा अनुभव बाटलीच्या किमतीवर असतो आणि हिची किंमत सुरुवातीच्या मानाने भरपूर येते.

निळं फूल आणि गहू: रिस्टोर हेल्थ आणि फोर्टिफाय हेल्थ. हे विकू नका, प्या.

गहू, राक्षसाचा अंगठा (जायंट्स टो) आणि क्रीप क्लस्टर: हे तिसरं मात्र विकायचंच. अंगठ्यामुळे फोर्टिफाय हेल्थची किंमत अचानक वर जाते. अंगठा कधी कधी औषधवाल्या अर्केडियाकडे मिळतो. नाहीतर ब्लीकविंड बेसिनला राक्षसांचा तळ आहे, तिथं उंच खडकावर चढून आगीने मारा. राक्षस वर चढत नाही, आणि तुमचं डिस्ट्रक्शनही चढतं. मॅमथ मारताना त्याच्यावर सोल ट्रॅप विसरू नका, त्याचा आत्मा ग्रँड असतो.

आता यातलं सगळ्यात महत्त्वाचं, जे नवे खेळणारे वर्षानुवर्षं चुकवतात. औषध आणि दागिना यांचं काम या खेळात वेगळं आहे. फोर्टिफाय डिस्ट्रक्शनची अंगठी स्पेलचा खर्च कमी करते. फोर्टिफाय डिस्ट्रक्शनचं औषध स्पेलचा जोर वाढवतं. जादूगाराला दोन्ही लागतात. ग्लोइंग मशरूम आणि नाइटशेड मिसळा, की झालं डिस्ट्रक्शनचं औषध. मशरूम गुहांमध्ये भिंतींवर चमकत असतात, नाइटशेड थडग्यांच्या आसपास उगवतं. म्हणजे ज्या थडग्यात तुम्हाला वाइट मारतोय त्याच्याच अंगणात त्याचं औषध आहे.

तसंच स्मिथिंगचं: ग्लोइंग मशरूम आणि ब्लिस्टरवर्ट. चिलखत सुधारायच्या आधी एक बाटली. एन्चांटिंगचं: फुलपाखराचं पंख आणि स्नोबेरी. मंतरायच्या आधी एक बाटली. बाटलीचा असर थोडाच वेळ राहतो, म्हणून सगळी कामं टेबलाजवळ मांडून मगच प्यायची.

आणि नवी वनस्पती दिसली की खाऊन बघा, पहिला गुण कळतो. मी अजूनही नवा खेळ सुरू केला की पहिल्या दिवशी नदीकाठाने वेचत वेचत जाते, नकाशाकडे बघतच नाही. तुम्हाला जग फिरायचंय म्हणालात ना, तर अल्केमी हीच ती विद्या आहे.

गडगडाट

लेथवाले, फेरीबद्दलचं तुमचं म्हणणं पटलं. मी ती चौथ्या-पाचव्या कॅरॅक्टरला वापरतो, तेव्हा सगळं बघून झालेलं असतं. पहिल्या खेळात नको, बरोबर आहे. पण मफलबद्दल माझं मत तेच आहे. तो स्पेल लक्ष्याशिवायही अनुभव देतो. खेळानेच दिलाय, मग का घेऊ नये?

शेवंती

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. खरंच आभारी आहे.

काल रात्री हॉल्टेड स्ट्रीमला गेले. लिडिया पुढे, मी मागून फ्लेम अ‍ॅट्रोनॅक (जादूने बोलावलेला आगीचा जीव) सोडून. ट्रान्सम्यूट मिळाला आणि परतीच्या वाटेवर पहिलं सोनं केलं. दोन अंगठ्या झाल्या. त्या मी विकणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. आर्केन ब्लॅकस्मिथ घेतला. डिस्ट्रक्शनमध्ये पायाचा नोव्हिस सोडला तर पर्क खरंच नव्हते, माझे पर्क स्मिथिंग आणि लॉकपिकिंगमध्ये गेले होते. साठवलेले तीन होते, एक भट्टीला आणि दोन आगीला दिले: अ‍ॅप्रेंटिस आणि ड्युअल कास्टिंग.

आता उरलेले प्रश्न. गार्डियन स्टोनपैकी कुठला घेऊ? भट्टी, औषध आणि मंत्र तिन्ही करतेय म्हणून गोंधळ होतो. आणि चिलखताचं राहिलं. मी चामड्याचं घालते, ते सोडून झगा घालू का?

लेथवाला

दगडाचं असं आहे की तिन्ही हुनर तीन वेगळ्या दगडांखाली येतात. स्मिथिंग वॉरियर स्टोनखाली, अल्केमी थीफ स्टोनखाली, एन्चांटिंग आणि पाचही जादूच्या शाळा मेज स्टोनखाली. प्रत्येकाचा २० टक्के फायदा. तुमचं स्मिथिंग पुढे आहे, अल्केमी रानजाईताईंच्या पद्धतीने आपसूक वाढेल. मेज स्टोन घ्या. मार्कार्थजवळ लव्हर स्टोन आहे, तो सगळ्यालाच १५ टक्के देतो, पण त्याच्याबरोबर झोपेचा फायदा मिळत नाही. आणि झोपेचा फायदा तुमच्यासाठी मोठा आहे: स्वतःच्या पलंगावर किंवा खानावळीतल्या भाड्याच्या पलंगावर झोपलं की वेल रेस्टेड, १० टक्के, आठ तास. खेळातले आठ तास म्हणजे आपल्या घड्याळात २४ मिनिटं, कारण खेळाचा वेळ वीसपट धावतो. रात्री बसल्या बसल्या आधी मैनावतीला ब्रीझहोममध्ये झोपवा, मग बाहेर पडा. तासाभरात दोनदा झोपवलंत तरी बराचसा वेळ तो फायदा चालू राहील.

झगा की चिलखत. तुमच्यासाठी चिलखत, आणि यात मला शंका नाही. झग्याची मदार ऑल्टरेशनच्या मेज आर्मर पर्कवर असते, आणि तो अंगावर चिलखताचा एकही तुकडा नसेल तरच चालतो. तुमचं ऑल्टरेशन २२ आहे आणि स्मिथिंग ६२. जे हातात आहे ते वापरा. एल्व्हन स्मिथिंगचा पर्क ३० ला मिळतो, रिफाइन्ड मूनस्टोन मिळवा आणि एल्व्हन चिलखत स्वतः घडवा. हलकं आहे, तुमच्या धावपळीला बरं. शिरस्त्राण, छाती, हातमोजे, बूट, चारही करा. चार तुकडे घातलेले असले की चिलखताचा आकडा ५६७ झाला म्हणजे शस्त्राच्या इजेतला ८० टक्के भाग अडतो, त्यापुढे खेळ वाढवू देत नाही. तिथं पोचायला वेळ लागेल, पण दिशा ती.

लांबचंही सांगून ठेवतो, म्हणजे आत्मे कशासाठी साठवायचे ते कळेल. एन्चांटिंग १०० ला, झाडातले योग्य पर्क घेऊन आणि ग्रँड आत्मा वापरून, फोर्टिफाय डिस्ट्रक्शन एका वस्तूवर २५ टक्के बसतं. डोकं, छाती, अंगठी, गळ्यातलं अशा चार वस्तू. चार पंचवीस शंभर. डिस्ट्रक्शनचा खर्च शून्य. आणि १०० ला 'एक्स्ट्रा इफेक्ट' घेतला की त्याच चार वस्तूंवर दुसरी एक शाळाही बसते. तुमच्या जागी मी दुसरी रिस्टोरेशन धरीन. म्हणून मॅमथचे ग्रँड आत्मे आत्ता खंजिरावर घालवू नका, पेटीत ठेवा. खंजिराला लांडगा पुरे. पेटी जेम पुरेसे जवळ ठेवा, नाहीतर लांडग्याचा आत्मा मोठ्या जेममध्ये जाऊन बसतो आणि मोठा जेम अडतो.

गडगडाट, मफलबद्दल. घ्यायला काहीच हरकत नाही, कॉलेजातल्या ड्रेव्हिस नेलोरेनकडे मिळतो. पण टीव्हीसमोर बसून कशाला? थडग्याच्या दारात पाऊल टाकलं की मफल, कोपरा आला की मफल. इल्युजन वाढतं, ड्रॉगर झोपलेले राहतात आणि ताईंना पहिला फायरबोल्ट शांतपणे नेम धरून टाकता येतो. स्पेल जिथं कामाचा आहे तिथं टाकला की सराव वेगळा करावा लागत नाही.

शेवंती

शेवटचा एकच प्रश्न. ज्या थडग्यातून मी मागे फिरले, तिथं आता लेव्हल वाढवून गेले तर आतले ड्रॉगरही वाढलेले असतील का?

लेथवाला

नाही. त्या जागेची पातळी तुम्ही पहिल्यांदा आत गेलात तेव्हाच ठरली. तुम्ही वाढाल, ते तिथंच राहतील. डिस्ट्रक्शन ४० करा, इम्पॅक्ट घ्या, नाइटशेडची एक बाटली प्या आणि दोन्ही हातांनी फायरबोल्ट टाका. आत शिरताना दारातच सोल ट्रॅप तयार ठेवा, ड्रॉगरचाही आत्मा सापडतो.

रानजाई

आणि बाहेर नाइटशेड खुडायला विसरू नका!